मोडलेला प्लग

संध्याकाळची वेळ. अंगणात छोटा टेंपो उभा होता. पहाटे त्यात टोमॅटो भरून बाजार गाठायचा होता. पण एंजिन धक्के देत होतं.

धाकटा म्हणाला, "दादा, प्लग खराब झालाय. मीच बदलतो. गॅरेजचे पैसे वाचतील."

एंजिन अजून तापलेलं होतं. त्यानं पाना लावला. प्लग हलेना. मग त्यानं पान्याला लांब पाइप जोडला आणि जोर केला. कट्‌ असा आवाज झाला. अर्धा प्लग वर आला. अर्धा आतच राहिला.

दादा कपाळाला हात लावून खाली बसला. टेंपोचे हप्ते अजून फिटायचे होते.

अशा वेळी काय करावं? ते समजून घेऊ या.

प्लगचं काम काय?

पेट्रोलवर किंवा सीएनजी गॅसवर चालणाऱ्या एंजिनात स्पार्क प्लग असतो. तो ठिणगी पाडतो. त्या ठिणगीनं आतलं इंधन पेटतं आणि पिस्टन जोरानं खाली ढकलला जातो. डिझेलच्या ट्रकला असा प्लग नसतो. तिथं हवा दाबली जाऊन इतकी तापते, की डिझेल आपोआप पेटतं.

प्लगचं बाहेरचं अंग पोलादाचं असतं. त्याला आटे असतात. आत पांढरी चिनी माती असते. ती कठीण असते, पण कपबशीसारखी तडकते.

प्लग का मोडतो?

बरेच दिवस न काढलेला प्लग गंजतो. त्यावर काजळी बसते. आटे धरून बसतात. कधी बसवतानाच तो फार आवळलेला असतो. कधी पाना तिरपा लागतो. मग चिनी माती तडकते.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ एंजिनांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते पोलादापेक्षा मऊ. एंजिन गरम असताना प्लग ओढून काढला, तर हेडचे आटे खरवडून निघतात. म्हणून एंजिन पूर्ण गार होऊ द्यावं.

मोडलेला प्लग कसा काढावा?

शेजारचे मिस्त्रीकाका आले. त्यांनी आधी पाइप बाजूला टाकला. "जोर नको, धीर धर," ते म्हणाले. मग एकेक काम सुरू झालं.

१. गाडी उघड्यावर ठेवली. बिडीकाडी दूर ठेवली. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. बॅटरीची उणे बाजूची वायर सोडली.

२. प्लगच्या खड्ड्यातली माती आणि चुरा बाहेर ओढून घेतला. हे आधीच करावं. नाहीतर तो चुरा एंजिनात पडतो.

३. आत काय उरलं आहे, ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. नुसती चिनी माती तुटली असेल आणि पाना बसायची षट्‌कोनी जागा शाबूत असेल, तर नेहमीच्या पान्यानंच प्लग निघतो. इथं मात्र ती जागाही तुटली होती. आत नुसतं आट्यांचं नळकांडं उरलं होतं.

४. आट्यांवर गंज सोडवणारं तेल थोडं सोडलं. रात्रभर तसंच राहू दिलं.

५. सकाळी काकांनी उलट्या आट्यांचं हत्यार आणलं. मिस्त्री लोक त्याला ईझी-आउट म्हणतात. त्याला ग्रीस फासलं. चुरा ग्रीसला चिकटतो, आत पडत नाही. ते नळकांड्यात हलकेच ठोकून बसवलं आणि डावीकडे फिरवलं. थोडं सुटलं, की थोडं मागं घेतलं. पुन्हा सोडवलं. असं करत करत नळकांडं बाहेर आलं.

चिनी माती नळकांड्यातच अडकली असेल, तर ती ठोकून फोडू नका. हत्यार अडलं, तर जोर करू नका. ते आत मोडलं, तर काढणं फार अवघड. कारण त्याचं पोलाद फार कठीण असतं. अशा वेळी गॅरेजच गाठावं. तिथं हेड उतरवून काम करता येतं. त्याला खर्च येतो, पण एंजिन वाचतं.

तुकडे जुळवा

धाकटा म्हणाला, "काका, आता चालू करू?"

काका म्हणाले, "थांब. आधी तुकडे जुळव."

कागदावर सगळे तुकडे मांडले. चिनी मातीचा एक कपचा कमी पडला. तो आत असता, तर पिस्टनबरोबर फिरून त्यानं सिलिंडरला चरे पाडले असते. काकांनी बारीक नळीनं आतून हवा ओढली. कपचा निघाला. तो न निघता, तर हेड उतरवावंच लागलं असतं.

नवा प्लग

धाकट्यानं दुकानातून नवा प्लग आणला. आई साक्षरता वर्गाला जाते. इंग्रजी आकडे आणि अक्षरं ती नुकतीच शिकली होती. तिनं मोडक्या प्लगवरचा नंबर पुसून पाहिला. मग खोक्यावरचा नंबर पाहिला. एकेक अक्षर जुळवलं.

"अरे, हे अक्षर वेगळं आहे!"

काकांनी दोन्ही प्लगांचे आटे शेजारी धरले. जुन्याचे आटे १२.७ मिलिमीटर लांब. नव्याचे १९ मिलिमीटर. लांब प्लग आत पिस्टनला आपटू शकतो. एंजिनच बसलं असतं! धाकटा दुकानात जाऊन बरोबर नंबरचा प्लग घेऊन आला.

नवा प्लग आधी हातानंच फिरवावा. तो सरळ गेला पाहिजे. अडला, तर काढून पुन्हा लावावा. हातानं टेकला, की पान्यानं आवळावा. किती आवळायचा, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. तेवढंच आवळावं.

त्या दिवशी टोमॅटो शेजाऱ्याच्या टेंपोतून गेले. भाडं पडलं. पण एंजिन वाचलं.

लक्षात ठेवा

एंजिन गार झाल्यावरच प्लग काढा.
जोरापेक्षा धीर बरा.
तुकडे जुळल्याशिवाय एंजिन चालू करू नका.
नंबर वाचल्याशिवाय प्लग घेऊ नका.

सांगा पाहू

१. धाकट्याच्या कोणत्या दोन चुका झाल्या?
२. हत्याराला ग्रीस का फासलं?
३. आईनं नंबर वाचला नसता, तर काय झालं असतं?
४. तुमच्या घरच्या मोटारसायकलीच्या प्लगचा नंबर पाटीवर लिहा.