हिंस्र पशूंची शिकार : परवान्यापासून लेखी आदेशापर्यंत

उज्जैन विभागाच्या उत्तर टोकाला, चंबळेवरील जलाशयाच्या परिसरात, गांधीसागर अभयारण्य आहे. २० एप्रिल २०२५ रोजी तेथे दोन चित्ते सोडण्यात आले. भारतातील अखेरचे म्हणून ज्ञात असलेले तीन चित्ते १९४७ मध्ये कोरिया संस्थानात तेथील राजाच्या गोळीला बळी पडले होते आणि १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले होते. अशा पशूचे पुनरागमन अभ्यासकांना आनंददायक वाटले, तरी अभयारण्यालगत शेळ्यामेंढ्या चारणाऱ्या माणसाच्या मनात निराळाच प्रश्न उभा राहतो. उद्या हा प्राणी कळपावर पडला तर त्याला मारता येईल काय? येत असल्यास ते ठरविणार कोण?

प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर मात्र गेल्या शंभर वर्षांत पार पालटले आहे.

शिंदे घराण्यामुळे मराठी वाचकांस सुपरिचित असलेले उज्जैन हे पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात मोडत असे. त्या संस्थानचे अधिपती माधवराव शिंदे हे नामांकित शिकारी होते; व्याघ्रशिकारीवर त्यांनी लिहिलेला मार्गदर्शक ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या राज्यातील रानात सोडविले. ते सिंह गुराढोरांवर आणि पुढे माणसांवरही पडू लागले व अखेर त्यांना मारावे लागले. रानात कोणता पशू असावा आणि तो कोणी मारावा, हे दोन्ही निर्णय एकाच हाती होते. ज्यांची गुरे गेली त्यांना त्यात विचारले गेले नव्हते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ब्रिटिश मुलखात तर हिंस्र पशू मारणाऱ्यास सरकारातून रोख इनाम मिळत असे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इनामासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखांहून अधिक बिबळे आणि सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कोणत्या वाघाने माणूस मारला आणि कोणता निरुपद्रवी, याची चौकशी त्या पद्धतीत नव्हती. कातडे दाखविले की पैसे मिळत.

स्वातंत्र्यानंतर इनामाची जागा परवान्याने घेतली. मध्य प्रदेशात जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडून ते शुल्क घेऊन ठरावीक मुदतीसाठी शिकाऱ्यांना देण्यात येत. परदेशी पाहुण्यांसाठी मचाण, हाकारे, तंबू यांची व्यवस्था करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी नागपूरची ॲल्विन कूपर कंपनी परदेशांतही ठाऊक होती. याच काळात पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुका रात्री जीपमधून रानात फिरू लागल्या आणि वाघाने मारलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकून वाघालाच संपविण्याची रीत पडली.

१९६९ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची सर्वसाधारण सभा नवी दिल्लीत भरली. वाघांची संख्या झपाट्याने घटत असल्याचा इशारा तेथे देण्यात आला आणि १९७० मध्ये देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली. शिकारव्यवसायातील मंडळींनी हा नियम बदलून घेण्यासाठी बराच खटाटोप केला. शिकारीमुळे देशास दुर्मीळ परकीय चलन मिळते. परवानाधारक शिकारी मोजकेच वाघ मारतो, खरा संहार विषप्रयोग आणि चोरटी शिकार यांनी होतो. आणि शिकाऱ्यांचा वावर थांबला की चोरट्यांना रान मोकळे मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. यांतील दुसरा मुद्दा निराधार नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु वाघ किती उरले आहेत याची खात्रीलायक मोजणीच कोणापाशी नव्हती. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ आढळले. भांडवल किती हे ठाऊक नसताना व्याज खर्चण्याचा परवाना मागण्यासारखाच हा प्रकार होता. नियम बदलला नाही. त्याच वर्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला. त्यासाठी संसदेकडे ठराव पाठविणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेशही होता. या अधिनियमातही अनुसूचीतील काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद प्रथम होतीच. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. वाघ, बिबळ्या, लांडगा व चित्ता हे चारही प्राणी आज अनुसूची १ मध्ये आहेत. अधिनियमाच्या कलम ११ अन्वये असा प्राणी मनुष्याच्या जीवितास धोकादायक झाला आहे, अथवा बरा होण्यापलीकडे जखमी वा रोगग्रस्त आहे, अशी राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकाची खात्री झाली, तरच ते कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतात. त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही अशी खात्री झाल्यावाचून ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. जिल्हाधिकारी, सरपंच वा बंदुकीचा परवानाधारक यांपैकी कोणासही हा अधिकार नाही. मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्राणरक्षणार्थ सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. तशा प्रसंगी मेलेला प्राणी शासनाच्या मालकीचा होतो. याखेरीज केलेल्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

आदेश कागदावर स्पष्ट असला तरी त्याची अंमलबजावणी किती अवघड असते, हे यवतमाळ जिल्ह्यात दिसून आले. राळेगाव-पांढरकवडा भागात सुमारे दोन वर्षांत १३ माणसांचे मृत्यू ‘टी-१’ या वाघिणीशी जोडले गेले होते. तिच्यासंबंधीच्या आदेशास न्यायालयात आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मारली गेली. तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता काय, यावर मोठा वाद झाला आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत त्रुटी नोंदविल्या गेल्या. शेतात एकट्याने जाण्याचे भय ज्या गावकऱ्यांनी महिनोन्‌महिने सोसले त्यांना हा वाद परका वाटला असल्यास नवल नाही. तथापि चौकशी होऊ शकली ती लेखी आदेश अस्तित्वात होता म्हणूनच.

नियम शिकाऱ्यांच्या मागणीप्रमाणे हलले तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. जानेवारी २०२१ मध्ये लांडग्याचे केंद्रीय संरक्षण उठताच विस्कॉन्सिन राज्यातील शिकार तत्काळ सुरू करावी म्हणून शिकाऱ्यांच्या एका संघटनेने न्यायालयात धाव घेतली व निकाल मिळविला. फेब्रुवारीत परवानाधारकांसाठी ११९ लांडग्यांची मर्यादा ठरविण्यात आली होती. तीन दिवसांच्या आत २१८ लांडगे मारले गेले. शिकार थांबविण्याचा हुकूम निघून तो सर्वत्र पोहोचेपर्यंत मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती.

२०२२ च्या गणनेनुसार बिबळ्यांची अंदाजित संख्या मध्य प्रदेशात ३,९०७ म्हणजे देशात सर्वाधिक, तर महाराष्ट्रात १,९८५ होती. तेव्हा गुरांवरील हल्ल्याचे प्रसंग येणारच. येथे कायद्याची एक कठोर बाजू गावकऱ्यांना व विद्यार्थ्यांना न लपविता सांगितली पाहिजे : अनुसूची १ मधील पशूने केवळ जनावर मारले, एवढ्या कारणावरून त्याला मारण्याचा आदेश निघू शकत नाही. त्या नुकसानीवर उपाय भरपाईचा आहे, आणि ती वेळेवर हाती पडली नाही तर मेलेल्या जनावरावर पुन्हा विष पडते. म्हणून पंचनाम्यास होणारा विलंब ही वनकर्मचाऱ्यांनी किरकोळ बाब समजू नये. जनावर मारले गेल्यास ते जागेवरून हलवू नये, कातडे सोलू नये, वनरक्षकास अथवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयास त्वरित कळवावे आणि पंचनाम्याची नोंद झाल्याची खात्री करून घ्यावी. अंगावरील दातांच्या खुणा व सभोवतालची पावले पुसली गेली, तर मारणारा बिबळ्या होता की गावातील कुत्री, हे नंतर सांगता येत नाही आणि दावा तेथेच अडतो.