छायाचित्रांचे मासिक : वर्गणी भरावी काय?

गेल्या जून महिन्यात, शाळा नुकतीच सुरू झाली असता, एक पालक आम्हांस भेटावयास आले. ते चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहेत आणि रात्रपाळी संपवून तसेच शाळेत आले होते. त्यांची कन्या आमच्या नववीच्या वर्गात आहे. तिला छायाचित्रणाचा मोठा नाद. वाढदिवसास नवे कपडे नकोत, छायाचित्रणाच्या एका छापील मासिकाची वर्षाची वर्गणी भरा, असा तिचा हट्ट होता. "सर, मोबाईलवर हजारो फोटो फुकट दिसतात. मग कागदावरच्या फोटोंना पैसे कशाला मोजायचे? तुम्ही सांगाल तसे करतो," असे ते म्हणाले. आम्ही घाईत होतो. "काही गरज नाही," एवढे सांगून आम्ही त्यांची बोळवण केली. दुसरे दिवशी ती मुलगी वर्गात मान खाली घालून बसलेली पाहिली, तेव्हा मनाला चुटपूट लागली. विचार न करता लिहिलेले उत्तर आम्ही मुलांच्या वहीत खपवून घेत नाही. मग स्वतःचे कसे खपवून घ्यावे? म्हणून या प्रश्नाचा यथाशक्ति अभ्यास करून तो येथे मांडीत आहोत.

प्रथम विरुद्ध बाजू पाहू, कारण ती दुबळी नाही. जगातील कित्येक नामांकित सचित्र नियतकालिके आज बंद पडली आहेत. अमेरिकेतील 'लाइफ' हे छायाचित्रांसाठी गाजलेले साप्ताहिक १९३६ साली या रूपात निघाले व १९७२ साली थांबले. आपल्याकडील 'इलस्ट्रेटेड वीकली' १९९३ साली बंद झाले. १९३७ साली सुरू झालेल्या 'पॉप्युलर फोटोग्राफी' या मासिकाचा छापील अंक २०१७ साली बंद झाला. १८८८ पासून निघणारे 'नॅशनल जिऑग्राफिक' वर्गणीदारांकडे जात राहिले, परंतु अमेरिकेतील दुकानांत त्याची किरकोळ विक्री २०२३ साली थांबविण्यात आली. कारण उघड आहे. कॅमेऱ्यांच्या जाहिराती इंटरनेटकडे वळल्या. नव्या यंत्राची माहिती व किंमत मासिकात छापून येईपर्यंत शिळी होऊ लागली. तेव्हा केवळ यंत्रांच्या बातम्यांसाठी कोणी वर्गणी भरीत असेल, तर तो पैसा वाया गेला असेच आम्ही म्हणू.

परंतु छायाचित्रांच्या मासिकाचे काम तेवढेच आहे काय? याचे उत्तर शोधावयास आपणांस दूर जावे लागत नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या पहिल्या हिंदी सभासदांपैकी होत. या सोसायटीच्या आश्रयाने १८५६ साली जॉन्सन व हेंडरसन या दोघा छायाचित्रकारांनी हौशी लोकांकरिता छायाचित्रांचे एक मासिक काढले. त्या काळी छायाचित्र शाईने छापण्याची सोय नव्हती. म्हणून प्रत्येक चित्र सूर्यप्रकाशात कागदावर उतरवून ते अंकात चिकटवीत. अंकामागे तीन चित्रे असत. त्या काळची माणसे व त्यांचे वेष त्या पानांवर टिकून राहिले आणि आजही अभ्यासकांस पाहावयास मिळतात. आज आपल्या मोबाईलमधील चित्रांची अवस्था काय आहे, हे पालकांनी स्वतःस विचारावे. यंत्र बिघडले की मुलाच्या बारशाचे चित्रही त्याबरोबर जाते.

दुसरे उदाहरण तर आपल्याच रेल्वेमार्गावरचे आहे. पिंपरी-चिंचवडहून लोकलने लोणावळ्यास जाता येते. त्या लोणावळ्यात १९०८ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी छपाईचे व ठसे कोरण्याचे काम आरंभिले होते. पुढे मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून चित्रपट काढण्याचे त्यांच्या मनाने घेतले. लंडनच्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते. १९१२ साली लंडनला गेले असता ते थेट त्या साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. परक्या शहरात त्यांच्या ओळखीचे असे तेच एक दार होते. संपादक कॅबर्न यांनी प्रथम धोक्याची सूचना दिली. परंतु फाळके मागे हटत नाहीत असे पाहून त्यांनी हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. दि. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत लोकांपुढे आला. वर्गणीमुळेच चित्रपट निघाला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु नियमाने येणारा अंक दूरच्या वाचकास त्या विद्येच्या बिरादरीत नेऊन बसवितो, हे यावरून दिसते.

आता विद्यार्थिमित्रांनी एक प्रयोग करावा. मासिकातील रंगीत चित्रावर चांगले बहिर्गोल भिंग धरा. अखंड दिसणारे आकाश बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसेल. निळसर, किरमिजी, पिवळी व काळी या चार शायांच्या लहानमोठ्या ठिपक्यांनी ते छापलेले असते. मोबाईलचा पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने स्वतः उजळतो. कागद खोलीतील प्रकाश परत पाठवितो. म्हणून ज्यास आपले चित्र कधी काळी भिंतीवर वा पुस्तकात पाहावयाचे आहे, त्याने छापील रंग पाहण्याचा सराव केला पाहिजे. शिवाय पडद्यावरील चित्रांस अंत नाही. बोट सरकले की चित्र गेले. अंकाला शेवटचे पान असते. तेथे पोहोचल्यावर मनुष्य पुन्हा पहिल्या पानाकडे वळतो, आणि शिक्षण होते ते या दुसऱ्या पाहण्यात.

तथापि, प्रत्येक घराने वर्गणी भरावी असे आमचे म्हणणे नाही. पालकांनी पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, अंकात चित्रे अधिक आहेत की जाहिराती? दुसरी, चित्र कसे व का घेतले हे चित्रकाराने सांगितले आहे काय? तिसरी आणि महत्त्वाची, रद्दीच्या दुकानातून आणलेले दोन जुने अंक मुलाने महिनाभर खरोखर पाहिले काय? जुने अंक न उघडणारा मुलगा नवेही उघडणार नाही. 'लाइफ'चे जुने अंक २००९ पासून गूगल बुक्सवर विनामूल्य पाहावयास ठेवलेले आहेत, त्यांचाही लाभ घ्यावा. पडद्याशी आमचे वैर नाही.

आणि अंक हाती आल्यावर तो नुसता चाळू नये. एक चित्र निवडून, त्याखालील मजकूर झाकून, दहा मिनिटे पाहावे. प्रकाश कोठून येतो, चित्रकार कोठे उभा असावा, त्याने चौकटीबाहेर काय ठेवले असावे, हे वहीत लिहावे. मग त्याच रीतीने पवनेचा घाट, चाकणचा कांद्याचा बाजार, संग्रामदुर्गाचा तट अथवा पाळी सुटताना कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार यांचे एक चित्र घ्यावे, आणि ते छापून घ्यावे. आपला हा परिसर झपाट्याने बदलत आहे. त्याचे आजचे रूप उद्याच्या मुलांस कोणी तरी ठेवून दिले पाहिजे.

हे सर्व आम्ही त्या पालकांस बोलावून सांगितले आणि पहिले उत्तर मागे घेतले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. प्रथम जुने अंक आणून पाहिले. मग तीन मैत्रिणींच्या घरांनी मिळून एक वर्गणी भरली. अंक आता तिन्ही घरांत आळीपाळीने फिरतो. परवा त्या मुलीने आपल्या वडिलांचे एक चित्र आम्हांस दाखविले. रात्रपाळीहून येऊन ते दाराशी बूट काढीत आहेत, आणि सकाळचे ऊन त्यांच्या हातांवर पडले आहे. चित्र कागदावर छापलेले होते. ते आम्ही बराच वेळ पाहत राहिलो.