नौकाप्रवासातील सुरक्षितता : जीवरक्षक जॅकेटची निवड

भिवापूरचे नाव घेताच प्रथम आठवते ती तेथील मिरची. परंतु नागपूर जिल्ह्याच्या आग्नेयेकडील या तालुक्याचे पाण्याशी असलेले नातेही आता पूर्वीपेक्षा अधिक जवळचे झाले आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. या धरणाच्या जलाशयाने भंडारा जिल्ह्याबरोबरच नागपूर जिल्ह्यातील कुही व भिवापूर या तालुक्यांतील गावांचे जीवनही बदलून टाकले. जलाशय आला की मासेमारी येते, डोंगे येतात, आणि कालांतराने सहलीही येतात. अशा वेळी नावेत बसणाऱ्याच्या अंगावर काय असावे, हा प्रश्न केवळ समुद्रकाठचा राहत नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य दोन घटनांवरून ध्यानात येते. दोन्ही जानेवारी २०२४ मधील आहेत. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेतील सर्वांना जॅकेटे दिलेली नव्हती. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, २३ जानेवारी रोजी, गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात गणपूर येथे वैनगंगेत नाव उलटली व सहा महिला बुडाल्या. मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी त्या नदीपलीकडे निघाल्या होत्या. भिवापूरच्या वाचकाला या घटनेचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची आवश्यकता नाही.

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस वाळलेला भोपळा बांधण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जीवरक्षक जॅकेटचे तत्त्व तेच होय. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच. डोके पाण्यावर राखण्यासाठी प्रौढ व्यक्तीला साधारणतः तीन ते साडेपाच किलो वजनाचा अधिक आधार पुरतो. जॅकेटची ही शक्ती न्यूटनमध्ये मोजतात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा आधार. ५० न्यूटनचे साधन केवळ पोहता येणाऱ्यासाठी व मदत जवळ असतानाच उपयोगी पडते. शांत, बंदिस्त पाण्यात १०० न्यूटनचे जॅकेट चालते. १५० न्यूटनचे जॅकेट बेशुद्ध व्यक्तीलाही बहुधा उताणे करून तिचे तोंड पाण्याबाहेर राखते.

ही शक्ती दोन प्रकारांनी मिळविता येते. एकात फोम भरलेला असतो. दुसऱ्यात घडी केलेली पिशवी असते व ती कार्बन डायऑक्साइड वायूच्या लहानशा नळकांडीने काही सेकंदांत फुगते. हे दुसरे जॅकेट अंगावर पट्ट्यासारखे हलके बसते. वल्हे मारताना अथवा जाळे ओढताना त्याची अडचण होत नाही, उन्हाळ्यात घामही कमी येतो. दिवसभर नावेत काम करणाऱ्यास फोमचे जाड जॅकेट नकोसे वाटते आणि तो ते काढून फळीखाली ठेवतो. फळीखालचे जॅकेट असून नसल्यासारखे! नावाड्यासाठी म्हणूनच फुगणाऱ्या जॅकेटचा विचार अवश्य करावा.

त्यातही भेद आहेत. काही जॅकेटे दोरी ओढल्यावर फुगतात. दोरी ओढण्याचे भान राहिले तरच त्यांचा उपयोग. काहींत पाण्याने विरघळणारी गोळी असते व ती विरघळताच जॅकेट आपोआप फुगते. मात्र विदर्भातील पावसाळ्यात, दमट खोलीत ठेवलेले असे जॅकेट वेळी-अवेळी फुगण्याचा संभव असतो. पाण्याच्या दाबाने चालणारा तिसरा प्रकार पावसाला दाद देत नाही. तो प्रत्यक्ष पाण्यात गेल्यावरच कार्य करतो. त्याची किंमत अधिक असते. कोणत्याही प्रकारात तोंडाने फुंकून हवा भरण्याची नळी असलीच पाहिजे.

प्रवाशांच्या बाबतीत मात्र निर्णय उलट असावा. पोहता न येणाऱ्यांना, मुलांना व सहलीतील विद्यार्थ्यांना फुगणारे जॅकेट देऊ नये. ते एकदाच फुगते; त्यानंतर नळकांडी बदलावी लागते. मासेमारीच्या गळाने वा बांबूच्या कुसळाने पिशवीस छिद्र पडू शकते. त्याखेरीज थंडीच्या पहाटे महिला अंगावर शाल घेतात. फुगणारे जॅकेट शालीखाली राहिले तर फुगताना छाती आवळली जाते. फोमच्या जॅकेटला काहीही ‘चालू’ करावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. ते लुगड्यावरूनही बांधता येते. मांड्यांमधून घ्यावयाचा पट्टा लुगड्यावर अवघड जातो, म्हणून कमरेला दोन रुंद पट्टे असलेले जॅकेट निवडावे. पट्टे आवळून खांद्यापाशी धरून वर ओढावे. ते हनुवटीवर सरकले तर माप मोठे आहे असे समजावे. मुलांची मापे वजनावरून ठरतात. ‘मोठे घेतले की दोन वर्षे चालेल’ हा गणवेशाचा हिशेब येथे लागू करू नये.

ग्रामपंचायतीने वा शाळेने खरेदी करताना केवळ सर्वांत कमी दराकडे पाहणे धोक्याचे आहे. मागणीपत्रात न्यूटनची संख्या, वजनानुसार मापे, शिट्टी व परावर्तक पट्टी यांचा स्पष्ट उल्लेख असावा. माल आल्यावर नमुन्याचे एक जॅकेट उथळ पाण्यात प्रत्यक्ष घालून पाहावे.

खरेदीनंतर फुगणाऱ्या जॅकेटांची स्वतंत्र नोंदवही ठेवणे आवश्यक आहे. नळकांडी पूर्ण घट्ट बसली आहे ना, हे प्रत्येक फेरीपूर्वी हाताने पाहावे. वर्षातून एकदा जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवावे. सकाळी ते मऊ पडले असल्यास वापरातून काढावे. नळकांडीवर तिचे भरलेले वजन कोरलेले असते. सराफाच्या काट्यावर ते ताडून पाहता येते; वजन कमी भरल्यास नळकांडी बदलावी. गोळी व नळकांडी यांची मुदत नोंदवहीत लिहावी, आणि ही तपासणी मिरचीच्या तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी उरकावी.