प्रतिमानाशी न जुळणारा प्रश्न : ठेवावा की वगळावा?

प्रश्नाची काठिण्यपातळी कशी काढतात, हे मागील उपघटकात आपण पाहिले. चाचणी घेऊन झाल्यावर कोणता प्रश्न प्रश्नपेढीत ठेवावा आणि कोणता वगळावा, याचा विचार आता करावयाचा आहे.

डेन्मार्कचे गणितज्ञ गेओर्ग राश यांनी १९५० च्या दशकात वाचनात मागे पडलेल्या मुलांच्या वाचनचुकांचा अभ्यास केला आणि १९६० मध्ये आपले प्रतिमान ग्रंथरूपाने मांडले. (या गणिताची एक वाट वाचनवर्गातून आली आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे.) त्या प्रतिमानानुसार उत्तर बरोबर येण्याची संभाव्यता परीक्षार्थीची क्षमता आणि प्रश्नाची काठिण्यपातळी यांमधील अंतरावरच अवलंबून असते. दोन्ही समान असल्यास ती ०.५० असते, क्षमता एका लॉजिटने, म्हणजे या मापनातील एका एककाने, अधिक असल्यास सुमारे ०.७३.

प्रत्यक्ष उत्तरे या अपेक्षेशी कितपत जुळतात, हे जुळणी-निर्देशांक दाखवितो. त्याचे अपेक्षित मूल्य १ असून ०.५ ते १.५ ही मर्यादा व्यवहारात पुष्कळदा स्वीकारली जाते. मूल्य फार कमी आल्यास सहसा मोठी हानी नसते. ते बरेच वर गेल्यास मात्र जाणकार परीक्षार्थी चुकले आणि कच्चे परीक्षार्थी बरोबर ठरले, असा प्रकार घडलेला असू शकतो.

समजा, ‘वेळ या शब्दाचे लिंग ओळखा’ असा प्रश्न आहे आणि उत्तरसूचीत केवळ ‘स्त्रीलिंग’ दिले आहे. ‘वेळ आली’ आणि ‘वेळ लागला’ हे दोन्ही प्रयोग ज्याला ठाऊक आहेत, तो येथे अडखळतो. ज्याने यादी पाठ केली आहे, तो निःशंकपणे खूण करतो. साहजिकच निर्देशांक वाढतो. कोठेतरी बिघाड आहे एवढेच संख्येने कळविले. बिघाड कोणता, हे व्याकरण जाणणाऱ्यानेच सांगावयाचे. पूर्ण वाक्य देऊन विचारल्यास हाच प्रश्न निर्दोष होतो.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. एका चाचणीत वीस प्रश्न व्याकरणाचे आणि तीन उताऱ्यातील सूचितार्थाचे आहेत. हे तीन प्रश्न वेगळी क्षमता मागतात, म्हणून ते प्रतिमानाशी जुळत नाहीत. ते वगळले की उरलेले आकडे देखणे दिसू लागतात. परंतु मुखपृष्ठावर ‘मराठी भाषिक क्षमता’ आणि आत निव्वळ व्याकरण, अशी त्या चाचणीची अवस्था होते! ज्याला उताऱ्याचे मर्म उमगते, पण विभक्तीची कोष्टके आठवत नाहीत, त्याचे गुण अशा निवडीत निमूटपणे जातात.

राश-परंपरेतील अभ्यासकांच्या मते उत्तरे प्रतिमानाशी जुळली पाहिजेत. न जुळणारा प्रश्न सुधारावा किंवा काढावा. दुसरा पक्ष म्हणतो, प्रतिमानच अधिक व्यापक करावे. प्रश्नागणिक भेद करण्याची शक्ती निराळी मानणारे बर्नबॉम यांचे १९६८ मधील प्रतिपादन या दिशेचे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते भाषेच्या चाचणीत प्रथम प्रश्न पुन्हा वाचावा. रचनेत दोष आढळल्यास तो दुरुस्त करावा. प्रश्न निर्दोष असल्यास त्या गटाचे गुण स्वतंत्रपणे नोंदवावेत.

स्वाध्याय : ‘मजा’ हा शब्द पुल्लिंगी व स्त्रीलिंगी असा दोन्ही प्रकारे वापरला जातो. दोन्ही प्रयोग जाणणारा विद्यार्थी अडखळणार नाही, असा एक बहुपर्यायी प्रश्न या शब्दावर तयार करा आणि प्रत्येक चुकीचा पर्याय का निवडला, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.