बेरंग होऊ नये म्हणून

पोरी, काल तू दाखवलंस ते तिसरीच्या भूगोलाचं पुस्तक रात्री पुन्हा एकदा चाळलं. नकाशात भंडारा जिल्हा, आणि त्यातच गोंदिया, तिरोडा, देवरी सगळं बसलेलं. १ मे १९९९ ला जिल्हे वेगळे झाले, त्याच्या आधीचं ते पुस्तक. पुण्यातला तुझा गिऱ्हाईक मूळचा तिरोड्याचा, म्हणून त्याला हेच हवं. त्याच्या लहानपणचा जिल्हा आता दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. रद्दीतून तू ते बरोबर हेरलंस. पण नंतर सहज म्हणालीस, "मामा, बुकपोस्टानं टाकते," तिथं मात्र मला थांबावंसं वाटलं. माझं अख्खं आयुष्य टपालाच्या काउंटरमागं गेलं आहे, तेव्हा थोडं ऐक.

आपल्या तोंडी बसलेलं ते रजिस्टर बुकपोस्ट १८ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. पुस्तकवाल्यांनी बरीच ओरड केली. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं. योगायोग बघ, जिल्हा फुटला तीच तारीख. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. आत छापील पुस्तक असावं, शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक. पाकीट जमिनीवरूनच जातं, विमानानं नाही, पण नंबर टाकला की कुठं पोचलं ते कळतं. म्हणून गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेव की घाई असेल तर स्पीड पोस्ट घ्या, पैसे जास्त पडतील. पुस्तक उशिरा पोचल्याचा राग तुझ्यावर निघतो, पोस्टावर नाही.

आता पुस्तक हातात घेतलंस की आधी मुद्रक-प्रकाशकाचं पान उघडायचं. नाव तिथं छापलेलं हवं. तुझ्याकडच्या जुन्या पुस्तकांची पहिली दोन पानं बहुतेक वेळा गेलेली असतात, कुणी तरी पतंगाला नाही तर चुलीला लावलेली. असं पुस्तक माझ्यासमोर आलं असतं तर मी परत केलं असतं. ते मुकाट्यानं पार्सलच्या ढिगात टाकायचं.

खरी गंमत 'किशोर'ची. बालभारती १९६७ ची, आणि तिचंच 'किशोर' मासिक १९७१ चं. छापणारी संस्था तीच, वाचणारी पोरंही तीच. तरी बालभारतीचं पुस्तक ज्ञान पोस्टात बसतं आणि 'किशोर'चे जुने अंक बसत नाहीत, कारण ते नियतकालिक आहे. पन्नास वर्षांपूर्वीचा अंक आज कुणी मासिक म्हणून वाचत नाही, संग्रहासाठी ठेवतो, हे मला पटतं. पण दर ठरवताना संग्राहकाचं मन कुणी विचारत नाही. दिवाळी अंकाचंही तेच. तो नियतकालिकही आहे आणि वर जाहिरातींनी भरलेला. प्रकाशकाची पुस्तकयादी मागच्या पानावर असली तर चालते, क्लासची नाही तर वह्यांच्या कंपनीची जाहिरात असली तर नाही. यावरून गिऱ्हाईक काउंटरवर भांडायचे, "पुस्तकच त हाय जी!" मी म्हणायचो, बाबा, दिसतं पुस्तकासारखं, पण दर दिसण्यावर नसतो.

तुझ्या त्या तीन 'किशोर' अंकांचं पाकीट पाचशे ग्रॅमच्या आत असेल तर पुण्याला स्पीड पोस्टानं ८२ रुपये आणि वर कर, २०२५ च्या ऑक्टोबरपासूनचा दर. तेवढे पैसे आधीच सांगून घ्यायचे. वीस रुपये सांगून बसलीस तर उरलेले तुझ्याच खिशातून जाणार.

पितळी कंपासपेटी, पृथ्वीचा गोल, दगडी पाटी, हातानं लिहिलेली वही हे शाळेचं असलं तरी छापील पुस्तक नव्हे. आणि एकत्र बांधायचं तर कधीच नाही. पुस्तकासोबत एक पेन्सिलपेटी घातलीस की अख्खं पाकीट पार्सलच्या दरात. आणि एखादी जुनी पोथी हाती लागली तर विकण्याआधी मला दाखव. पंचाहत्तर वर्षांपुढच्या महत्त्वाच्या हस्तलिखिताला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, ते परदेशात तर मुळीच पाठवता येत नाही. तिथं स्वस्त टपालाचा प्रश्नच नाही.

वजन बांधल्यावर करायचं. तू काल नुसतं पुस्तक काट्यावर ठेवलंस, २८० ग्रॅम भरलं आणि खूश झालीस. त्याला दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लागणार, पुठ्ठा पुस्तकापेक्षा बोटभर मोठा हवा, नाही तर कोपरे मुडपतात. आत प्लास्टिक, कारण पावसाळ्यात थैली कुठं टेकवली जाईल सांगता येत नाही. हे सगळं मिळून तीनशेच्या वर गेलंच समज. मग पुठ्ठा पातळ कर, कोपरे उघडे टाकून ग्रॅम वाचवू नकोस. वर मोठ्या अक्षरात 'ज्ञान पोस्ट' लिही, आणि काउंटरवर कुणी उघडायला सांगितलं तर दोन मिनिटांत उघडून दाखवता येईल असं बांध. चिकटपट्टीचे सात वेढे घालणाऱ्याकडं मी आधीच संशयानं बघायचो.

पिनकोड गिऱ्हाइकाकडूनच लिहून घे, अंदाजानं टाकू नकोस. आपलं पवनी आहे तसं रामटेकच्या बाजूलाही पवनी आहे. असल्या घोळासाठीच तर श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा आकड्यांची ही युक्ती काढली, १५ ऑगस्ट १९७२ पासून ती चालू आहे.

राहिली चिठ्ठी. पुस्तकात तू 'धन्यवाद काका' म्हणून रंगीत कागद घातलेला मी पाहिला. तुझ्या आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी तिला ओवाळणी म्हणून पुस्तक पाठवलं, बुकपोस्टानं, आणि आत दोन पानी पत्र दडवलं. पोस्टातलाच माणूस, मला कोण पकडणार! वाटेत उघडलं गेलं, पाकीट बेरंग झालं. कमी पडलेल्या पैशांची दुप्पट तुझ्या आजीनं दारात पोस्टमनला मोजली. भावानं ओवाळणी पाठवली आणि पैसे सासरनं भरले, हे तुझी आई अजून ऐकवते.

तेव्हा तो रंगीत कागद आधी बाहेर काढ. काकांना धन्यवाद म्हणायचेच असतील तर पोस्टकार्ड लिही. ते अजून पन्नास पैशांनाच मिळतं.