शब्दांचे शेजारी

मुलांनो, इंग्रजी पुस्तक वाचताना अनोळखी शब्द आला की आपण शब्दकोशाकडे धाव घेतो. परंतु प्रत्येक शब्दापाशी असे थांबल्यास गोष्टीचा धागा तुटतो. अशा वेळी प्रथम त्या शब्दाच्या शेजाऱ्यांना विचारावे.

'द ट्रॅव्हलर वॉज पार्च्ड, सो ही ड्रँक थ्री ग्लासेस ऑफ वॉटर' हे वाक्य पाहा. 'पार्च्ड' हा शब्द तुम्हांस ठाऊक नसेल. पण 'सो' म्हणजे 'म्हणून'. तो शब्द कारण आणि परिणाम यांना जोडतो. प्रवासी तीन पेले पाणी प्यायला, त्या अर्थी तो तहानेने व्याकूळ झालेला असला पाहिजे.

कधी ओळखीचा शब्दच चकवतो. 'बँक' म्हणजे पेढी हे सर्वांस माहीत आहे. पण नावाडी 'बँके'ला होडी बांधतो, तेव्हा ती बँक म्हणजे नदीचा काठ होय. 'कर जोडले' आणि 'कर भरला' यांतील भेदही आपण शेजारच्या शब्दावरूनच जाणतो.

तथापि संदर्भावरून काढलेला अर्थ हा अखेर तर्कच. रखरखीत जमिनीलाही इंग्रजीत 'पार्च्ड' म्हणतात, हे वरील एका वाक्यावरून कळत नाही. म्हणून वाचन संपल्यावर शब्दकोश उघडून आपला तर्क पडताळून पाहावा.

स्वाध्याय

१. 'द रूम वॉज सो डिम दॅट शी कुड नॉट रीड' या वाक्यातील 'डिम' शब्दाचा अर्थ कोणत्या शब्दांवरून कळतो?

२. 'कर' शब्दाप्रमाणे दोन अर्थांचे तीन मराठी शब्द शोधून वाक्यांत योजा.