जेलमधून सुटल्यावरचे पहिले तीन महिने : पैसे कशाला लागतात आणि कशाला लागू नयेत

नाशिकरोडचा जेल शहराला दोन गोष्टींमुळे ठाऊक आहे. साने गुरुजींनी 1933 मध्ये ‘श्यामची आई’ इथेच लिहिली, आणि गणेशोत्सव जवळ आला की बंद्यांनी घडवलेल्या गणपतीच्या मूर्ती इथे विक्रीला येतात. त्या मूर्ती घडवणारा माणूस शिक्षा संपवून गेटबाहेर पडतो तेव्हा त्याच्या खिशात काय असते, ही चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याला न्यायला जेलरोडवर येऊन थांबलेल्या आई, बायको, भावासाठी.

आधी आतल्या कमाईचा हिशेब पाहू. ऑगस्ट 2023 मध्ये राज्यातल्या बंद्यांची मजुरी वाढली. कुशल कामाला रोज 74 रुपये, अर्धकुशल कामाला 67, अकुशल कामाला 53 आणि खुल्या वसाहतीत 94 असे दर ठरले. महिन्यात 25 दिवस काम मिळाले तरी कुशल सुताराच्या हाती 1,850 रुपये येतात. त्यातूनच कॅन्टीनचा साबण-चहा घ्यायचा आणि घरी मनीऑर्डरही करायची. काही वर्षांची शिल्लक साठली तरी ती शहरातल्या एका खोलीच्या डिपॉझिटला पुरत नाही. म्हणून सुटल्यावरचा प्रत्येक रुपया योग्य ठिकाणी लागला पाहिजे. प्रत्यक्षात घडते उलटे. जी कामे कायद्याने फुकट आहेत त्यांच्यावरच घरच्यांचे पैसे जातात, आणि जिथे पैसे खरोखर लागतात तिथे हात रिकामा राहतो.

गेटवरच मागून घ्या

सुटकेच्या दिवशी घाई असते. तरी चार गोष्टी हातात आल्याशिवाय निघू नका. पहिली पीपीसीची, म्हणजे बंद्याच्या नावावर जमा असलेल्या खाजगी रकमेची शिल्लक, सोबत मजुरीची बाकी. दुसरी, अटकेच्या वेळी जमा केलेल्या वस्तू. नोंदवहीत लिहिलेली प्रत्येक वस्तू मिळाली का, हे पाहूनच सही करा. तिसरी, सुटकेचा दाखला. आणि चौथी, जी बहुतेकजण विसरतात : आत शिकलेल्या किंवा केलेल्या कामाचे प्रमाणपत्र आणि औषधोपचाराचे कागद. हातमाग, शिवणकाम, सुतारकाम यांत वर्षानुवर्षे घालवलेल्या माणसाजवळ त्याचा एकही पुरावा नसेल, तर बाहेरचा मालक त्याला नवशिक्या म्हणूनच घेतो. या कशालाही शुल्क नाही. गावी जायला भाडे नसेल तर तेही अधीक्षकांच्या कार्यालयात मागावे. निर्धन बंद्याला प्रवासखर्च देण्याची सोय नियमांतच आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शिक्षा झाली तेव्हा निकालपत्राची प्रत फुकट मिळणे हा आरोपीचा हक्क असतो. ती हरवली असेल तर नक्कल काढून घ्या आणि घरात जपून ठेवा. पुढे नोकरी, परवाना, अपील अशा प्रत्येक ठिकाणी तीच लागते.

बंद पडलेला मोबाईल नंबर

सुटलेल्या माणसाच्या वाटेतली सर्वांत मोठी अडचण ऐकायला अगदी किरकोळ वाटते. आत असताना सिम बंद पडते. 90 दिवस वापर झाला नाही की कंपनी नंबर काढून घेऊ शकते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला देते. आधारला मात्र तोच जुना नंबर जोडलेला असतो. आता ओटीपी परक्या माणसाच्या फोनवर जातो किंवा कुठेच जात नाही. ओटीपी नाही म्हणून आधार डाउनलोड होत नाही, बँकेचे ॲप उघडत नाही, ऑनलाइन अर्जही पुढे सरकत नाही. ठेकेदार गेटपाससाठी आधार मागतो आणि माणूस पहिल्याच सकाळी परत येतो.

म्हणून गावी, देवदर्शनाला किंवा पाहुण्यांकडे जाण्याआधी नवे सिम घ्या आणि आधार केंद्र गाठा. मोबाईल नंबर बदलायला दुसरा कोणताही कागद लागत नाही, स्वतः हजर राहून बोटांचे ठसे द्यायचे. ऑक्टोबर 2025 पासून याचे शुल्क 75 रुपये आहे. कष्टाच्या कामाने बोटे झिजलेली असतात, ठसे जुळत नाहीत. तसे झाले तर बायोमेट्रिक नव्याने करून घ्यावे. त्याला 125 रुपये पडतात आणि त्याच फेरीत नंबर किंवा पत्ता बदलला तर वेगळे पैसे नाहीत. म्हणजे दोन्ही कामे एकदम केलेली परवडतात. आधार कधी काढलेच नसेल तर पहिली नोंदणी मोफत आहे. याहून जास्त कोणी मागितले तर पावती मागा.

बँकेचे खाते दोन वर्षे व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेले असते. ‘खाते बंद पडले, आता नवे काढा’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, एप्रिल 2024 पासून असे खाते पुन्हा सुरू करायला शुल्क घेता येत नाही, आणि मधल्या काळात किमान शिल्लक नव्हती म्हणून दंडही लावता येत नाही. केवायसीचे कागद द्यायचे, बस. खातेच नसेल तर जनधनचे शून्य शिलकीचे उघडावे.

रेशनकार्डावरून नाव निघाले असेल तर तहसील किंवा धान्य वितरण कार्यालयात अर्ज करून ते परत घालून घ्यावे. दुकानातली ई-केवायसी मोफत असते. जात, उत्पन्न, रहिवास या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर चालते. तहसील कचेरीबाहेर 500 रुपयांचा स्टॅम्प गळ्यात मारणारे भेटतील, त्यांना नाही म्हणा. मतदार यादीतून नाव गेले असेल तर नमुना 6 भरा, तोही मोफत. तुरुंगात असेपर्यंत मतदान करता येत नाही, सुटल्यावर तो हक्क परत मिळतो. मला हे काम रेशनइतकेच महत्त्वाचे वाटते. यादीत नाव असलेल्या माणसाशी वॉर्डातला कार्यकर्ताही वेगळ्या सुरात बोलतो.

जामिनावर सुटणाऱ्यांसाठी

शिक्षा भोगून सुटणाऱ्यांपेक्षा जामिनावर सुटणारे कितीतरी जास्त. सर्वांत जास्त लूटही त्यांचीच होते. जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच राहतो. मग कोर्टाच्या आवारात कोणीतरी भेटतो आणि ‘जामीनदार मी देतो, इतके द्या’ म्हणतो. भाड्याच्या जामीनदाराचे कागद बनावट निघाले तर जामीन रद्द होतोच, वर नवा गुन्हाही मागे लागतो. हा व्यवहार कितीही स्वस्तात होत असला तरी करू नये.

खरा जामीनदार नात्यातला किंवा ओळखीतला असावा. त्याचे आधार, रेशनकार्ड आणि सातबारा, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला यांपैकी कोर्ट सांगेल ते लागते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो. जामीनदार मिळतच नसेल तर सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश लक्षात ठेवा. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे असते, आणि महिनाभरात हमी भरता आली नाही तर न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार स्वतःहून करू शकते. स्थानिक जामीनदारच हवा, या अटीमुळे सुटका अडू नये, असेही त्यात म्हटले आहे. दिंडोरीच्या द्राक्षबागेत कामाला आलेल्या परजिल्ह्यातल्या मजुराला याचा मोठा आधार आहे.

पैसेच नसतील तर केंद्राची गरीब बंद्यांना साहाय्य देणारी योजना आहे. 2023 मध्ये ती आली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी 40 हजार आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी 25 हजार रुपयांपर्यंतची मर्यादा होती. निर्णय जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि एक न्यायाधीश यांची समिती घेते. अंमली पदार्थ, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार, यूएपीए यांतल्या आरोपींना ही मदत मिळत नाही.

या सगळ्यासाठी जायचे कुठे, तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात, विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात. तालुक्याच्या कोर्टातही समित्या आहेत. कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सुटल्यानंतर महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले सर्व या मदतीला पात्र आहेत. हेल्पलाइन 15100, फोनही मोफत. मोफत वकिलाने ‘थोडे खर्चाचे’ म्हणून पैसे मागितले तर तिथेच तक्रार करा.

तारखांचा खर्च मात्र धरायलाच हवा. प्रत्येक तारीख म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. घरातली बाई सोबत येणार असेल तर तिला एसटीत अर्धेच तिकीट पडते. मालेगाव, सुरगाण्याहून नाशिकला यायचे तर सगळा दिवस जातो. तारीख ई-कोर्ट ॲपवर फुकट पाहता येते. जाणे शक्य नसेल तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज द्यावा. न कळवता गैरहजर राहिल्यास वॉरंट निघते, आणि ज्या भावाने सातबारा लावला त्याच्यावर रक्कम भरायची वेळ येते.

डोक्यावर छप्पर

पैसा खरोखर लागतो तो इथे. सातपूर, अंबड, सिन्नर फाटा, जेलरोड, पंचवटी कुठेही खोली पाहा, दोन-तीन महिन्यांचे भाडे आगाऊ मागतातच. मित्रमंडळी आणि नातेवाईक मदत करणार असतील तर सत्काराचे हार आणि जेवणावळ टाळून तेच पैसे या डिपॉझिटसाठी द्यावेत. भाडेकरार नोंदवणे ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. शहरात नोंदणी शुल्क 1,000 रुपये असते, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे साध्या खोलीला शे-दीडशे रुपयांच्या आसपास. करार हातात असला की आधारचा पत्ता, बँक, रेशन सगळे त्यावर होते, म्हणून हा खर्च वाया जात नाही. घरमालकाने पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते. जेलमध्ये असल्याची गोष्ट मालकापासून लपवून ठेवण्यापेक्षा आधीच सांगितलेली बरी, नंतर कळले तर खोलीही जाते आणि डिपॉझिटही अडकते.

घरच्यांनी दार उघडलेच नाही तर महापालिकेच्या बेघर निवारा केंद्रात राहण्याला पैसे पडत नाहीत. शिवभोजन थाळी 10 रुपयांत मिळते.

काम आणि त्याचे कागद

नाशकात हाताला काम मिळते. बाजार समितीत हमाली, औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामगारी, बांधकामावर बिगारी, आणि सिंहस्थाच्या तोंडावर रस्ते-घाटांची कामे. बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी एक रुपयात होते. त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पहिल्या दिवसापासून ठेकेदाराकडून हजेरी लिहून घेत चला. दलाल याच नोंदणीसाठी हजारांत पैसे घेतात. ई-श्रम कार्डही मोफत आहे.

वाहन परवान्याची मुदत संपून एक वर्ष होऊन गेले असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. शिकाऊ परवान्यापासून सुरुवात झाली तर 150 रुपये आणि चाचणीचे 50, पक्क्या परवान्याच्या चाचणीचे 300, असे धरून चला. रिक्षाच्या बॅजला पोलीस पडताळणी असते, त्यामुळे तो मिळेलच असा भरवसा धरून कर्जाने रिक्षा घेऊ नका.

हातगाडी लावायची असेल तर पीएम स्वनिधीचे पहिले कर्ज 15 हजारांपर्यंत आहे. मुद्राच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज आहे. आतल्या बंद्यांसाठी राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ कर्ज सुरू केले. 50 हजारांपर्यंत, सात टक्क्यांनी, तारण नाही. ज्यांचा माणूस अजून आत आहे त्यांनी भेटीच्या वेळी त्याला या कर्जाची चौकशी करायला सांगावे. महिला व बालविकास विभागाकडे सुटलेल्या बंद्यांना स्वयंरोजगारासाठी अनुदान देणारी योजना आहे. नासर्डी पुलाजवळच्या जिल्हा कार्यालयात परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा. याच विभागाच्या बालसंगोपन योजनेतून शिक्षा भोगणाऱ्यांच्या मुलांना दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. वडील आत असतानाच हा अर्ज करायचा असतो, आणि तो न केल्यामुळे कित्येक मुलांची शाळा सुटते.

अर्जात ‘गुन्हा दाखल आहे का’ असा रकाना असेल तर खरे लिहा. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या अवतार सिंग प्रकरणात सांगितले आहे की, खरी माहिती दिल्यास नोकरी देणाऱ्याने ती तपासून निर्णय घ्यावा, पण लपवल्याचे उघड झाले तर नोकरी जाऊ शकते. परिविक्षेवर सोडलेल्यांना 1958 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. हे कलम वकिलाकडून लिहून घेऊन सोबत ठेवा.

तब्येतीवर खाजगी दवाखान्यात खर्च करण्याआधी जिल्हा रुग्णालयात जा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे नाहीत. क्षयरोग किंवा एचआयव्हीची आत सुरू झालेली औषधे बाहेरही मोफत मिळतात, एक दिवसही खंड पडू देऊ नका. रात्री झोप लागत नाही, गर्दीत घाबरायला होते, दार बंद झाले की छातीत धडधडते, अशा तक्रारी सुटलेल्या माणसांना होतात. त्यासाठी 14416 हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येते.

शेवटी अंबड, सातपूर, सिन्नरच्या मालकांना आणि ठेकेदारांना एक विनंती. तुमच्याकडे पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो. आज कामावर लागलेल्या सुटलेल्या माणसाला मग महिना-सव्वा महिना हातात रोकड नसते, आणि जुनी संगत याच दिवसांत पैसे घेऊन दारात येते. पहिले दोन महिने त्याचा पगार दर शनिवारी द्या. तुम्हाला यात एक रुपयाही जास्त पडणार नाही.